फळ्यावरची सपाट रेघ

किशोरींच्या वर्गात मी सगळ्यावर बोलायचे. पाळी, रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं, नको असलेला स्पर्श, संततिनियमन. फळ्यावर गर्भाशय काढायचे, दोन बाजूंना बीजकोश काढायचे, महिन्याला एक अंडं सुटतं इथपर्यंत यायचे आणि खडू खाली ठेवायचे. वय वाढतं तसं त्या अंड्यांचं काय होतं, यावर एक अक्षर बोलायचे नाही. हा विसराळूपणा नव्हता, मी तसं ठरवलेलं होतं.

मी काम करते बीड जिल्ह्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीडचा आकडा ४० च्या वर, आणि शेजारच्या परभणीचा त्याहून जास्त. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर मिळते. आईबाप सहा महिने कारखान्यावर गेले की वयात आलेली पोरगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न घरोघर असतो आणि टोळ्या निघायच्या आत बरीच लग्नं उरकून घेतली जातात. अशा गावात 'वय वाढलं की मूल होणं अवघड जातं' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, तर संध्याकाळपर्यंत त्यातलं काय शिल्लक राहील हे मला पक्कं माहीत होतं. "बघा, मॅडमच म्हणल्या." एवढंच. म्हणून मी गप्प बसायचे, आणि माझं ते वागणं मला शहाणपणाचं वाटायचं.

गंमत अशी की कार्यकर्त्यांच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी र. धों. कर्व्यांचं नाव घ्यायचे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा, 'समाजस्वास्थ्य' मासिक शेवटपर्यंत चालवणारा, अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देणारा माणूस. माहिती कुणापासून लपवायची नसते, हे मी त्यांच्या नावावर सांगायचे आणि मग वर्गात जाऊन स्वतःच्या चाळणीतून माहिती गाळायचे.

माझा दुसरा चेहरा पुण्यात होता. मार्च आला की महिला दिनाच्या निमित्तानं दोन-तीन कंपन्यांत आरोग्यावर बोलायला बोलावणं यायचं. समोर तिशीच्या आगेमागच्या मुली, गळ्यात ओळखपत्राची फीत, हातात कॉफी. यांना आत्या, मावश्या, सासवा आधीच पुरेसं छळतायत, त्यात आपली भर नको, असं मला वाटायचं. तिथं मी विषय टाळत नसे, उलट धीर द्यायचे. घाई करू नका, हल्ली पस्तिशीनंतरही मुलं व्यवस्थित होतात. पुरावा म्हणून २००४ सालचा एक युरोपीय अभ्यास सांगायचे. त्यात आठवड्यातून दोनदा संबंध असलेल्या जोडप्यांपैकी, बाईचं वय पस्तीस ते एकोणचाळीस असताना वर्षभरात दिवस राहिले ८२ टक्क्यांना, आणि सत्तावीस ते चौतीस असताना ८६ टक्क्यांना. फरक किती? चार टक्के. सभागृहात सुटकेचा श्वास ऐकू यायचा आणि मला फार बरं वाटायचं.

माझ्या दोन्ही व्याख्यानांत एक गोष्ट सारखी असायची, ती म्हणजे प्रश्नपेटी. बुटाच्या खोक्याला चीर पाडायची, नाव न घालता चिठ्ठी टाकायची. एकदा केजजवळच्या शाळेतलं खोकं आणि पुण्यातलं खोकं एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर आलं. केजच्या खोक्यात वहीचं चतकोर पान होतं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: "आजी म्हणते विशीच्या आत लेकरू झालं नाही तर बी जळून जातं. खरं का." पुण्याच्या खोक्यातल्या पिवळ्या चिकटचिठ्ठीवर होतं: "४४ ला पहिलं बेबी प्लॅन केलं तर इश्यू नाही ना? आमच्याकडे सगळ्यांचा मेनोपॉज पन्नाशीनंतर आहे."

या दोन चिठ्ठ्यांतल्या वयांच्या मधे चोवीस वर्षांचं अंतर. एकीला वाटतंय की दार विशीला बंद होतं, दुसरीला वाटतंय की पाळी चालू आहे तोवर उघडं आहे. दोघींच्याही समोर मी दीड तास उभी राहून बोललेली होते.

पुणेकरणीचा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. पाळी येणं म्हणजे मूल होण्याची क्षमता असणं, असं सरळ समीकरण शिकलेल्या लोकांच्याही डोक्यात असतं. अमेरिका-कॅनडातला हटराइट नावाचा एक ख्रिस्ती समाज संततिनियमन जवळजवळ करत नसे. त्यांच्या नोंदी १९५७ साली अभ्यासल्या गेल्या, तेव्हा बायकांच्या शेवटच्या बाळंतपणाचं सरासरी वय निघालं जेमतेम एक्केचाळीस. पाळी त्यानंतरही कितीतरी वर्षं येत राहते, पण बहुतेकींच्या बाबतीत मूल होण्याचा काळ तिच्या बराच आधी संपलेला असतो. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. हिशेब ज्यानं त्यानं करावा.

चिठ्ठ्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी आकडे पहिल्यापासून वाचायला बसले. वर्षानुवर्षं ज्यांच्यातला सोयीचा तुकडा उचलला होता, ते अभ्यास पहिल्यांदा डावीकडून उजवीकडे वाचले. त्यातला १९८२ चा फ्रेंच अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथल्या वीर्यपेढ्यांनी मिळून तो केला होता. नवऱ्याच्या वीर्यात शुक्रजंतूच नाहीत म्हणून दात्याचं वीर्य घेणाऱ्या २,१९३ बायका. म्हणजे संबंध किती वेळा, नवऱ्याचं वय काय, ही भानगडच नाही, फरक उरला तो फक्त बाईच्या वयाचा. बारा चक्रांनंतर दिवस राहिलेल्यांचं प्रमाण एकतीस ते पस्तीसच्या गटात साधारण ६१ टक्के, पस्तिशीच्या पुढे ५४. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्या वेळी एवढाच भाग उचलून 'तिशी गाठली की उतरण' असा गवगवा केला, आणि मी नेमका तोच गवगवा मनात धरून हा अभ्यास कपाटात ठेवलेला होता. पण डावीकडचे दोन आकडे बघा. पंचविशीपर्यंतच्या बायका ७३ टक्के, आणि सव्वीस ते तीसच्या ७४.

सपाट. विशीत आणि तिशीच्या उंबरठ्यावर काडीचा फरक नाही. ज्या माहितीनं पोरींची लग्नं लवकर लागतील म्हणून मी घाबरत होते, त्याच माहितीत लवकर लग्नाच्या बाजूनं एकही आकडा नव्हता! मी आजीच्या भीतीनं ज्या कागदावर हात ठेवून बसले होते, तो कागद आजीच्या विरुद्ध होता.

त्याच कागदाची दुसरी बाजू पुण्याच्या माझ्या व्याख्यानाला झोंबणारी होती. 'वर्षभरात दिवस राहणं' आणि 'मूल हातात येणं' यांतलं अंतर मी कधी सांगितलंच नव्हतं. नॉर्वेतल्या गरोदरपणांच्या २०१९ च्या अभ्यासात पंचवीस ते एकोणतिशीत गर्भपात होण्याचं प्रमाण होतं १० टक्के, आणि पंचेचाळिशीनंतर ते निम्म्याच्या वर गेलं होतं. फ्रान्सच्या आंरी लेरिदों यांनी २००४ साली हे सगळं एकत्र गुंफून हिशेब मांडला. तिसाव्या वर्षी प्रयत्न सुरू केला तर वर्षभरात असे दिवस राहतात की ज्यातून जिवंत मूल जन्मेल, ७५ टक्के बायकांना. पस्तिसाव्या वर्षी ६६, चाळिसाव्या वर्षी ४४. चार वर्षं वाट बघायची तयारी असेल तर हेच आकडे ९१, ८४ आणि ६४. म्हणजे पस्तिशीला कडा तुटलेला नाही, पण चाळिशीच्या आसपास उतार चांगलाच तीव्र होतो. आणि लेरिदोंचं पुढचं वाक्य दवाखान्यांच्या फलकांवर कधी दिसत नाही: तीसऐवजी पस्तिशीला सुरुवात केल्यानं जेवढी मुलं हुकतात त्यांतली साधारण निम्मीच आयव्हीएफ भरून काढू शकतं, आणि पस्तीसऐवजी चाळिशी गाठली तर तीस टक्क्यांहूनही कमी.

पस्तीस हा आकडा तरी एवढा डोक्यात का बसला? मला वाटायचं, अंडाशयात त्या वाढदिवसाला काहीतरी घडत असणार. एक मोठं कारण निघालं वेगळंच. १९७० च्या दशकात पोटातलं पाणी काढून गर्भाची तपासणी करायला लागले, तेव्हा त्या तपासणीतच गर्भपात होण्याचा धोका आणि मुलात गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका हे दोन्ही साधारण पस्तिशीला तोलले जायचे. म्हणून तपासणीची रेघ तिथं मारली, आणि तपासणीची ती रेघ लोकांनी बाईच्या शरीरावर मारली. आपल्याकडच्या प्रसूतिकक्षात तर तिशीतल्या पहिलटकरणीच्या केसपेपरवरसुद्धा 'एल्डरली प्रायमी' लिहिलेलं मी पाहिलंय. तिला तो शब्द वाचता येत होता, आणि तिचं तोंड पडलं होतं.

आता मूळ कारण. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख अंडी असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. नवीन भर नाही. उभ्या आयुष्यात सुटतात चार-पाचशे, बाकीची आपोआप विरून जातात. संख्या कमी होते हे खरं, पण खरा घोटाळा दर्जाचा. ही अंडी जन्माआधी विभागणीच्या अर्ध्या वाटेवर थांबलेली असतात आणि सुटायच्या वेळी ती विभागणी पुढे सरकते. चाळीस वर्षं थांबलेल्या अंड्यात गुणसूत्रं धरून ठेवणारी प्रथिनं झिजलेली असतात, वाटणीत चूक होते. म्हणून दिवस राहत नाहीत, राहिले तर पडतात, किंवा डाउन सिंड्रोमसारखा दोष येतो. विशीच्या सुरुवातीला पंधराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक.

हे मी पहिल्यांदा सगळं सांगितलं ते शाळेत नाही, आयांच्या बैठकीत. अंगणवाडीच्या ओट्यावर. फळा नव्हता, जमिनीवरच खडूनं आलेख काढला. डावीकडे अठराच्या आतला भाग खडूनं खरवडून काळा-पांढरा केला आणि म्हटलं, इथं मूल होण्यापेक्षा आई जगण्याची चिंता जास्त. कमरेचं हाड पुरतं वाढलेलं नाही, रक्त कमी, झटके येण्याचा धोका, लेकरू वजनानं कमी. पुढे तिशीपर्यंत सपाट रेघ. मग हलका उतार, छत्तीस-सदतीसपासून मोठा.

एक पोरगी आईला सोडायला आली होती आणि दारातच उभी राहिली होती. ती म्हणाली, "म्हंजे आपल्या सोयाबीनवानी की, ताई. घरचं बी ठेवलं तर उगवण बघावी लागती." जूनच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती मोड येतात ते मोजायचं, हे त्या बायका दर वर्षी करतात. सत्तर आले तर पेरायचं, साठ आले तर बी वाढवायचं. माझ्या आलेखापेक्षा हे त्यांना पटकन पोचलं. दाणा दिसायला तोच, पण जुना झाला की शंभरातले कमी उगवतात. एकही उगवणार नाही असं मात्र नव्हे.

आणि तिथंच भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बी गड्याचं असतंय, बाई. बाई म्हंजे रान."

हजारो वर्षांचं शास्त्र तिनं एका वाक्यात सांगितलं. मूल झालं नाही तर रान वांझ, बी कधी खराब नसतं, आणि रान बदलायला गडी मोकळा. मी त्यांना दात्या अंड्याची गोष्ट सांगितली. पन्नाशीच्या बाईच्या गर्भाशयात पंचविशीच्या बाईचं अंडं फळवून ठेवलं तर गर्भ रुजतो, वाढतो. यशाचा आकडा अंडं देणारीच्या वयाप्रमाणे चालतो, पोटात वाढवणारीच्या नाही. वय वाढलेल्या आईला रक्तदाबाचा, मधुमेहाचा त्रास जास्त होतो, ते वेगळं. आंध्रात गुंटूरला २०१९ साली त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला जुळ्या मुली झाल्या त्या अशाच दुसरीच्या अंड्यावर. म्हणजे रान म्हातारं होत नाही तेवढं बी म्हातारं होतं, आणि ते बी बाईचंही असतं, निम्मं निम्मं. उरलेलं निम्मं गड्याचं, तेही चाळिशीनंतर थोडं मंदावतं, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांत एक तृतीयांश ते निम्म्या ठिकाणी गड्याकडे काही ना काही दोष सापडतो. त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सोपी, आणि ती सगळ्यात शेवटी होते.

म्हातारी काही बोलली नाही. पण बाकीच्या बायकांमध्ये जी कुजबुज सुरू झाली, ती आकड्यांवर कधीच झाली नसती. त्यांतल्या दोघी-तिघींची तिशीतच 'पिशवी' काढलेली होती. लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, असं त्यांना सांगितलं गेलेलं. २०१९ साली सरकारी समितीनं बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सोळाव्या वर्षी लग्न, विशीत तीन लेकरं, पस्तिशीच्या आत पिशवी नाही. वयाचा विषय मी यांच्यापासून लपवत होते, आणि यांचं सगळं आयुष्य कुणीतरी वयाच्या नावाखाली घाईघाईनं आटपून टाकलं होतं.

दात्या अंड्यांवरून पुण्याचं आठवलं. पंचेचाळिशीत आई झालेल्या तारकेचं छायाचित्र मासिकात येतं, तेव्हा अंडं कुणाचं, कधीचं, हे त्यात सहसा नसतं. सांगायची तिच्यावर सक्ती नाही, तो तिचा खाजगी मामला आहे. पण वाचणारीला वाटतं की बाईनं योगासनं केली आणि झालं. या बाबतीत मला माजी मिस वर्ल्ड डायना हेडनचं कौतुक वाटतं. २०१६ साली बेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली तेव्हा ती उघड म्हणाली की अंडी आठेक वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेली होती. चौतिशीचं अंडं बेचाळिशीत वापरलं, म्हणजे मोजायचं ते चौतिशीच्याच मापानं. २०२१ च्या कायद्यानं आपल्याकडे अंडं देणारीचं वय तेवीस ते पस्तीस असं बांधून दिलं आहे. कायदा करणाऱ्यांना जे कळतं ते महिला दिनाच्या व्याख्यानात सांगायला काय हरकत होती?

पुण्यात आता मी सांगते. प्रतिक्रिया बऱ्या नसतात. एकदा एक मुलगी चिडून म्हणाली, "तुम्ही पण आमच्या आईसारखंच." तिचा राग मला समजतो. दुसरीनं एएमएच नावाच्या रक्ततपासणीचा कागद काढून दाखवला, वय एकोणतीस, आकडा कमी, आणि दवाखान्यानं लगेच अंडी गोठवा म्हणून सांगितलेलं. तिला मी २०१७ चा अमेरिकन अभ्यास सांगितला: वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, तीस ते चव्वेचाळीस वयाच्या साडेसातशे बायकांमध्ये एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायला काही जास्त वेळ लागला नाही. ती तपासणी साठा किती ते सांगते, दाणा कसा आहे ते सांगत नाही. म्हणजे आता मी एकाच तासात एकीला घाई करायला लावते आणि दुसरीची घाई थांबवते, आणि त्यामुळे दोघींनाही मी फारशी आवडत नाही.

माझी एक जुनी सहकारी अजून म्हणते की गावात हे सांगायला नको, लोक उजवीकडचा उतार तेवढा लक्षात ठेवतील. तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तसं झालेलं मी पाहिलंय. पण मागच्या उन्हाळ्यात पारावर बापांसमोर तोच आलेख काढला. एकानं विचारलं, "मग सतराला नि सत्तावीसला लेकरू व्हायला फरकच नाही म्हंता?" म्हटलं, व्हायला नाही, आई न् लेकरू दोघं धड राहायला आहे. तो बराच वेळ आलेखाकडे बघत राहिला. वय निघून जाईल हे कारण त्याला आता पुढे करता येईना. मग म्हणाला, "ते वयाचं आपलं उगं बोलायचं असतंय, ताई. आम्ही दोघं कारखान्यावर गेल्यावर पोरगी मागं एकली कशी ठेवू, ते सांगा."

त्यावर माझ्याकडे आकडा नव्हता. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठीच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज पिशवीत होता, तो दिला. त्याला लिहिता येत नव्हतं, तिथंच बसून भरला. पोरगी दहावीला आहे. त्यानं अंगठा उमटवला आणि विचारलं, जागा मिळायची किती खात्री?